खिडकीबाहेर हात पोचेल तेवढं

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्यावर मी एक नोटीस टाइप केली. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची मी चार वर्षं सेक्रेटरी आहे आणि यंदा बऱ्याच वर्षांनी बिल्डिंगला बाहेरून रंग लागतोय. शेड कार्डावरून तीन मीटिंगा भांडून झाल्यावर ऑफ-व्हाइट आणि पट्ट्यांना कॉफी असं ठरलं होतं. तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, परांची आयतीच खिडकीशी आलेली बघून, रंगाऱ्याला चहा पाजला आणि आपली खिडकी, तिची चौकट, छज्जा, सगळं पोपटी करून घेतलं. पोपटी म्हणजे अगदी मिठूच्या पाठीसारखं. दोन दिवसांत कमिटीकडे पाच तक्रारी. "इमारतीचे एलिव्हेशन बिघडत असल्याने सात दिवसांच्या आत पूर्ववत करावे," असं मी लिहिलं, सेव्ह केलं, आणि परत आल्यावर प्रिंट काढू म्हणून लॅपटॉप बंद केला.

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो ते व्हिएन्नाला, जिथे एका महापालिकेने मुद्दाम पैसे खर्चून असं पोपटी-निळं-पिवळं घर बांधलंय ते बघायला. हा विनोद माझ्या लक्षात विमानात आला.

घर बघायची हौस यांची. हे महापालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ओळंबा आणि लेव्हलची नळी घेऊन चाळीस वर्षं काढली. जिथे एकही रेघ सरळ नाही अशी बिल्डिंग पास कोणी केली, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं.

पहिला दिवस, गुरुवार

मुंबई, दुबई, व्हिएन्ना. विमानतळावरून शहरात यायला एक खास गाडी आहे, मध्ये कुठे न थांबणारी आणि महाग. तिथूनच साधी लोकलही सुटते, ती पंचवीसेक मिनिटांत लांडस्ट्रासेला सोडते. आम्ही डोंबिवलीकर. लोकल असताना दुसऱ्या गाडीत बसणं पाप. बसायला जागा मिळाली, खिडकीची मिळाली, आणि समोर कोणी "जरा सरकून घ्या" म्हणालं नाही, त्यामुळे चुकल्यासारखं झालं.

हॉटेल लांडस्ट्रासे स्टेशनच्या मागच्या गल्लीत. खोलीत पाण्याची बाटली नव्हती म्हणून हे खाली विचारायला गेले, तर रिसेप्शनवरच्या मुलीने बाथरूमच्या नळाकडे बोट दाखवलं. इथे नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली पाइपलाइन १८७३ साली टाकली, ती अजून चालू. यांनी तीन ग्लास प्यायले आणि मग पलंगावर बसून आपल्याकडच्या पाणीपुरवठ्यावर अर्धा तास बोलले. मी तोवर एक डुलकी काढली.

संध्याकाळी पाय मोकळे करायला मिखाएलरप्लात्झ चौकात गेलो. एका बाजूला हॉफबुर्ग राजवाड्याचा घुमट, पुतळे, नक्षी, तोरणं. आणि त्याच्या बरोबर समोर एक घर, खाली हिरवट संगमरवर आणि वर नुसता पांढरा गिलावा, त्यात चौकोनी खिडक्या. बस. आडोल्फ लोस नावाच्या आर्किटेक्टने १९०९ ते १९११ मध्ये हे बांधलं. खाली कपडे शिवणाऱ्या एका बड्या कंपनीचं दुकान, वर राहती घरं. आज त्याच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही, पण तेव्हा शहरात बोंबाबोंब झाली. खिडक्यांवर कमानी नाहीत, कोरीव काम नाही, म्हणून लोक त्याला 'भुवया नसलेलं घर' म्हणायला लागले. महापालिकेने बांधकाम थांबवलं. शेवटी तडजोड निघाली ती अशी, की काही खिडक्यांखाली ब्राँझच्या फुलकुंड्या लावायच्या. त्या अजून आहेत. त्यांत लाल फुलं फुललेली होती.

"म्हणजे इथेही एनओसी अडकली होती," हे खुशीत म्हणाले.

मला गंमत वाटली ती वेगळीच. आमच्याकडे भांडण रंग लावला म्हणून. इथे लावला नाही म्हणून.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी हॉटेलातला नाश्ता करून चालतच निघालो. एक नंबरच्या ट्रामने हेट्झगासे स्टॉपला उतरलं की घर अगदी जवळ, पण चालायलाही पंधराच मिनिटं लागतात. रस्ते सरळ, घरं चार-पाच मजली, राखाडी, फिक्कट पिवळी, एकमेकांना खेटून शिस्तीत उभी. आपल्या दादर पारशी कॉलनीतल्या जुन्या इमारती जरा उंच केल्या आणि गप्प बसवल्या तर जसं दिसेल तसं. ल्योवेनगासे आणि केगेलगासे या दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर आलो आणि हे मध्येच थांबले.

"अगं, हे पाडायला काढलंय का?"

पहिल्या नजरेला तसंच वाटतं खरं. भिंत एका रंगाची नाहीच. निळा एक तुकडा, त्याला लागून पिवळा, मग विटकरी, मग पांढरा, मग पुन्हा निळा. तुकड्यांच्या कडा वाकड्या, एखाद्या मुलाने रेघ ओढताना कोणी कोपराला धक्का दिल्यासारख्या. खिडक्या एकाच ओळीत नाहीत आणि शेजारशेजारच्या दोन एका मापाच्याही नाहीत. वर गच्च्यांवरून झाडं खाली वाकून बघतायत. झुडपं म्हणत नाही मी, झाडं. आणि सगळ्यावर दोन सोनेरी कांद्यासारखे घुमट.

मग हळूहळू त्यात एक रीत दिसायला लागते. ते रंगाचे तुकडे म्हणजे एकेक फ्लॅट. निळा संपला की एक घर संपलं, पिवळा सुरू झाला की शेजाऱ्याचं. दोन घरांच्या मध्ये फुटक्या टाइल्सची एक बारीक नागमोडी पट्टी फिरवलेली आहे, तीच हद्द. रस्त्यावर उभं राहून बोट दाखवून सांगता येतं, तो पिवळा माझा. आमच्या बिल्डिंगमध्ये मी सत्तावीस वर्षं राहते, आणि रस्त्यावरून आपली खिडकी ओळखायची तर मला अजून वाळत घातलेली चादर शोधावी लागते.

मी त्या टाइलच्या पट्टीजवळ गेले. लांबून ती रेघ वाटते. जवळून पाहिलं तर एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. काही गुळगुळीत, काही कडेला टवका उडालेले, मध्ये सिमेंटवर गवंड्याच्या बोटाचा ठसा वाटावा असा खळगा. आजोळी मोरीतल्या लादीला असेच तुकडे बसवलेले होते, पडेल भावात आणलेले. तिथे ते गरिबीचे होते, एवढाच फरक. कोपऱ्यावरचे खांब मात्र भन्नाट आहेत. लाकडी भोवरे एकावर एक रचून वर चकाकता सिरॅमिकचा थर दिल्यासारखे, जांभळे, हिरवे, तपकिरी. मी हात फिरवला. ऊन लागून कोमट झाले होते.

पुढचा फुटपाथसुद्धा सपाट नाही, चढ-उताराचा आहे. हे खाली बसले, फोनमधलं लेव्हलचं ॲप उघडलं आणि फोन जमिनीवर ठेवला. बुडबुडा एका बाजूला. फोन सरकवला, बुडबुडा दुसऱ्या बाजूला. शेजारून जाणाऱ्या टूर ग्रुपमधली दोन-तीन माणसं यांच्याकडे बघत थांबली, एकाने फोटोही काढला. आता कुठल्यातरी परक्या देशात कोणाच्या तरी अल्बममध्ये आमचे हे उकिडवे बसलेले आहेत.

या घराची कुळकथा सांगायला हवी, कारण नुसतं बघून ती कळत नाही. फ्रीडरिख श्टोवासर नावाचा मुलगा १९२८ मध्ये याच शहरात जन्मला. पुढे चित्रकार झाला आणि नाव बदललं. स्लाव्हिक भाषांत 'स्तो' म्हणजे शंभर, म्हणून श्टोवासरचं झालं हुंडर्टवासर. मराठीत शंभरपाणी. शिक्षणाने तो आर्किटेक्ट नव्हताच. पण सरळ रेघेवर त्याचा दातओठ खाऊन राग होता. फूटपट्टीने मारलेली रेघ म्हणजे देवाचा अपमान, असं तो मानायचा. सगळ्यांना एकसारख्या खोल्यांत कोंबणाऱ्या इमारतींवर तो वर्षानुवर्षं तोंडसुख घेत होता, भाषणं देत होता. म्युनिकमध्ये १९६७ साली आणि मग व्हिएन्नात १९६८ मध्ये तर त्याने अंगावरचे कपडे उतरवून भाषणं केली. (आमच्या एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, एवढं अजून कोणी केलेलं नाही. पण पार्किंगचा विषय निघाला की मी मनाची तयारी ठेवते.) तर अशा माणसाला १९७७ साली व्हिएन्नाच्या महापौरांनी, लेओपोल्ड ग्रात्स यांनी, बोलावून म्हटलं की बांधून दाखव.

आणि घर कसलं? बंगला नाही, म्युझियम नाही. महापालिकेचं भाड्याचं घर. आपल्या भाषेत म्हाडाची बिल्डिंग. ५३ फ्लॅट, चार ऑफिसं, १६ खाजगी गच्च्या, तीन सामाईक गच्च्या आणि सगळी मिळून सुमारे २५० झाडं-झुडपं. १९८३ ते १९८५ मध्ये काम झालं. हुंडर्टवासरने एक पैसा घेतला नाही. त्या जागी काहीतरी कुरूप उभं राहिलं असतं ते टळलं, हीच आपली फी, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं मी वाचून दाखवत होते तेव्हा यांनी मध्येच विचारलं, "पण ड्रॉइंग कोणी काढली? कॉलम कुठे येणार हे चित्रकाराने ठरवलं का?"

बरोबर प्रश्न होता. योझेफ क्राविना नावाच्या आर्किटेक्टने त्याच्या कल्पनांची घरं करून दिली. त्यांचं पहिलं मॉडेल हुंडर्टवासरला फारच सरळसोट वाटलं, दोघांचं बिनसलं, आणि पुढचं काम महापालिकेच्या सेवेतले आर्किटेक्ट पेटर पेलिकान यांनी तडीस नेलं. पुढे क्राविना कोर्टात गेले. २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते या घराचे सहनिर्माते असल्याचं मान्य केलं. म्हणजे घर पुरं झाल्यावर पंचवीस वर्षांनी. यांना हा भाग इतका आवडला की दिवसभर येताजाता "क्राविना" म्हणत होते. कमिशनरच्या नावाची कोनशिला लागते आणि ज्युनिअर इंजिनिअर उन्हात उभा असतो, हे त्यांचं जुनं दुखणं.

आत जाता येत नाही. लोक राहतात. दारावर बेलांची बटणं आणि त्यांच्यापुढे आडनावं आहेत, मी ती वाचायचं मुद्दाम टाळलं. एक बाई पिशव्या घेऊन आल्या, किल्ली काढली, आणि दार उघडण्याआधी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. नजर रागाची नव्हती. पायऱ्यांवर मांजर बसलेलं असताना आपण जसं थांबतो तशा त्या थांबल्या होत्या. आम्ही चार पावलं मागे सरकलो. मग त्या आत गेल्या. रोज दारापुढे बसेस लागणार, लोक माना वर करून तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे फोटो काढणार. कौतुकाचं भाडं वेगळं भरावं लागतं म्हणायचं.

पलीकडे त्याच धर्तीचं एक छोटं मार्केट आहे, हुंडर्टवासर व्हिलेज. मुळात टायरचं वर्कशॉप होतं, १९९०-९१ मध्ये त्याला हे रूप दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. कॉफीचे मग, चुंबक, छत्र्या, मगांवर तेच घर, चुंबकांवर तेच घर. तिथलं स्वच्छतागृहसुद्धा पैसे भरून बघायचं प्रेक्षणीय स्थळ आहे. गरज होती म्हणून गेले, नाहीतर गेले नसते. टाइल्स मात्र झकास.

दुपारी चार-पाच मिनिटांवरच्या कुन्स्टहाउसमध्ये गेलो. १८९२ सालची थोनेट या खुर्च्यांच्या कंपनीची इमारत, हुंडर्टवासरने ती बदलून १९९१ मध्ये तिथे म्युझियम उघडलं. समोरून काळ्या-पांढऱ्या चौकड्या, पण त्याही डुलणाऱ्या. मोठी मजा आतल्या जमिनीची. ती चक्क लाटांसारखी आहे. उंचसखल जमीन म्हणजे पायांसाठी संगीत, असं तो म्हणायचा. यांच्या उजव्या गुडघ्याला हे संगीत फारसं रुचलं नाही. पहिली दहा मिनिटं भिंत धरून चालले. मला मात्र सवय झाली. कोकणातलं शेणाने सारवलेलं माजघर आठवलं. तिथेही तळपाय सारखे काहीतरी शोधत असायचे.

चित्रांपुढे मी फार थांबले नाही. डोळे दुखायला लागतात, इतकी गोल गोल वळणं. एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्याची आई ज्यू होती. नाझींच्या काळात आईकडचे कितीतरी नातेवाईक मारले गेले, मायलेक कसेबसे वाचले. ज्याने लहानपणी एकसारख्या गणवेशातल्या माणसांच्या सरळ रांगा रस्त्यावरून जाताना पाहिल्या, त्याला पुढे सरळ रेघेचा तिटकारा आला असेल तर तो मला चित्रकाराचा नखरा वाटत नाही. हा आपला माझा अंदाज.

म्युझियमच्या दुकानात त्याच्या कल्पनांचं एक पुस्तक चाळताना मी जागच्या जागी उभी राहिले. तो म्हणायचा की भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला खिडकीचा हक्क असला पाहिजे. खिडकीतून बाहेर वाकायचं, आणि हात पोचेल तिथपर्यंतची भिंत हवी तशी रंगवायची. लांब दांड्याचा ब्रशही चालेल. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं की आत एक माणूस राहतो.

"काय गं, घ्यायचंय का पुस्तक?" यांनी विचारलं.

"किती पोचला असेल हो काकूंचा हात?"

"कोणत्या काकूंचा?" असं म्हणून हे दोन क्षण थांबले आणि मग मोठ्याने हसले. दुकानातली मुलगी वळून बघायला लागली.

पुस्तक घेतलं नाही. किंमत बघून ठेवलं.

बाहेर आल्यावर वर पाहिलं तर खिडक्यांतून झाडं डोकावत होती. खोलीत लावलेली, शेंडे बाहेर. अशा झाडांना हुंडर्टवासर 'वृक्ष-भाडेकरू' म्हणायचा. झाड सावली देतं, हवा शुद्ध करतं, धूळ खातं, तेच त्याचं भाडं. आमच्या डक्टमध्ये प्लंबिंगच्या पाइपाला धरून एक पिंपळ आहे. दर दोन वर्षांनी त्याच्यावर ॲसिड ओतायचे पैसे आम्ही मेंटेनन्समधून देतो आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा हजर. त्यालाही कधीतरी मेंबर करून घ्यावं लागेल.

रात्री झोपताना मी यांना विचारलं, की ती झाडं गच्चीवर, तर खाली गळत नसेल? कारण आमच्याकडे टेरेसला एक कुंडी ठेवली तरी टॉप फ्लोअरवाले धावत येतात. मग वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर मुळं अडवणारा थर, मग खडी, मग माती, पाण्याला वाट कशी काढून देतात, असं यांनी पलंगावर उशी आणि पांघरुणं रचून समजावलं. शेवटी म्हणाले, "करता सगळं येतं गं. खर्च करायची तयारी पाहिजे आणि दरवर्षी बघायला माणूस पाहिजे." मग ती पांघरुणं परत घालून घ्यायला दहा मिनिटं गेली.

तिसरा दिवस, शनिवार

आज मेट्रोची हिरवी लाइन, यू-४. एकाच लाइनीवर रंगीत घरांची सगळी वंशावळ मिळाली, हे आमचं नशीब.

आधी केटेनब्र्युकेनगासे. स्टेशनाबाहेर शनिवारचा जुना बाजार भरलेला, पितळी बंब, फुटके ग्रामोफोन, कोणाच्या तरी लग्नातले फोटो. समोर लिंके व्हीनत्सायले ४० नंबरचं मायोलिकाहाउस. ओटो वाग्नर या आर्किटेक्टने १८९८च्या सुमारास बांधलं. अख्ख्या दर्शनी भिंतीवर रंगवलेल्या टाइल्स आणि त्यांवर गुलाबी फुलांची वेल, खालच्या मजल्यांवर विरळ, वर जाता जाता दाट होत छपराखाली पसरलेली. भरजरी शालूचा पदर भिंतीवर टाकलाय जणू. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. पण टाइल लावण्यामागे हिशेब होता, पाऊस-धूर लागला तरी पुसून काढता येतात. सव्वाशे वर्षांनी रंग तसाच आहे. मी शेड कार्डाचा विचार करत बसले आणि भाव काय पडेल याचाही.

तिथून उलट्या दिशेला श्पिटेलाउ. कचरा जाळून त्यावर शहरातली घरं आणि इस्पितळं गरम करणारा कारखाना. १९८७ मध्ये त्याला मोठी आग लागली, आणि पुन्हा उभारताना बाहेरचं रूप हुंडर्टवासरकडे दिलं. आधी तो तयार नव्हता. कचराच करू नये अशा मताचा माणूस. १९९२ मध्ये पुरं झालं. लाल-पांढऱ्या-निळ्या भिंती, छपरावर झाडं, उंच धुराड्यावर एक मोठा सोनेरी गोळा. स्टेशनातूनच दिसतं. वास अजिबात नाही. एवढं बघून पुढच्या गाडीत बसलो.

शेवटचं स्टेशन हायलिगनश्टाट. बाहेर पडलो की समोर कार्ल-मार्क्स-होफ. आणि इथे माझी बोलती बंद झाली, कालच्यापेक्षा जास्त.

हे घर एक किलोमीटरहून लांब आहे. एक बिल्डिंग. १९२७ ते १९३० मध्ये महापालिकेचे आर्किटेक्ट कार्ल एन यांनी बांधली, वाग्नर यांचेच विद्यार्थी. पहिल्या महायुद्धानंतर इथे घरांचे हाल कुत्रा खात नव्हता. समाजवाद्यांची महापालिका आली, त्यांनी १९२३ मध्ये घरबांधणीचा कर बसवला, बड्या घरांना जास्त, लहानांना नाममात्र, आणि त्या पैशातून कामगारांसाठी हजारो घरं उभी केली. यात १,३८२ फ्लॅट. धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय, सगळं आवारात. जागेच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी भागावर बांधकाम, बाकी बागा. मधला भाग लालसर आणि पिवळसर, भल्यामोठ्या कमानी, त्याखालून लोक सायकली घेऊन जातायत. १९३४ च्या फेब्रुवारीत यादवी झाली तेव्हा सरकारने याच घरावर तोफा डागल्या होत्या, आत कामगार होते.

माझं आजोळ नायगावच्या बीडीडी चाळीतलं. त्या चाळीही याच दशकातल्या, १९२०च्या सुरुवातीच्या, सरकारनेच कामगारांसाठी बांधलेल्या. मुंबईत सगळ्या मिळून २०७ इमारती. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक, टोकाला. आजी-आजोबा, दोन मामा, एक मामी आणि सुट्टीत आम्ही. इथल्या अंगणात चेस्टनटच्या फुलांखाली बाकावर बसले आणि ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. चीड आली असं नाही. नुसतं वाटलं, तेव्हा तिथे कोणीतरी कागदावर १६० लिहिलं आणि इथे कोणीतरी न्हाणीघर लिहिलं. पण एक सांगते. त्या चाळीच्या गॅलरीत प्रत्येक खोलीपुढचा कठडा निराळा होता. आजीचा निळा, शेजारच्या सावंतांचा गेरूचा. तेलाच्या डब्यात तुळस, तिच्याभोवती चुन्याचं बोट. मजल्यावर वीस दारं एकसारखी, पण अंधारात जिना चढून आलो तरी मी कधी चुकीच्या खोलीत शिरले नाही. आता तिथे पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटचे टॉवर होतायत. चांगलंच आहे. घरात संडास असणं काय असतं ते माझ्या मामीला विचारा.

जुन्या धुलाईघरात या सगळ्या काळाचं छोटं म्युझियम आहे, आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. हे आवारात फिरून पाण्याचे पाइप बघून आले. "बाहेरून एक पाइप दिसत नाही," म्हणाले. त्यांची हीच सगळ्यात मोठी दाद.

चौथा दिवस, रविवार

विमान दुपारचं. सकाळी सहालाच जाग आली. यांना उठवलं नाही, एकटीच निघाले.

केगेलगासेत कोणी नव्हतं. मगांची दुकानं बंद, बसेस नाहीत. नुसतं घर, आणि पाखरांचा कलकलाट, गच्च्यांवरची झाडं भरलेली होती त्यांनी. ऊन अजून खालपर्यंत आलं नव्हतं, फक्त वरचे घुमट उजळले होते. तेव्हा दिसलं की रंग काही फार भडक नाहीत. बरेच विटलेत. निळ्यात पावसाचे ओघळ आहेत, एका खिडकीखाली गिलाव्याला केसाएवढी चीर आहे. सेक्रेटरीच्या नजरेला आधी हेच दिसायला हवं होतं, पण शुक्रवारी दिसलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर एक खिडकी उघडली. एका म्हाताऱ्या हाताने उशी बाहेर काढली, दोनदा झटकली आणि चौकटीवर उन्हाची वाट बघत ठेवली. मी फोटो काढला नाही.

परतीच्या लोकलमध्ये फोन वाजला. कमिटीच्या ग्रुपवर खजिनदारांचा मेसेज: ठेकेदार उद्या परांची त्या बाजूने उतरवतोय, तिसऱ्या मजल्याच्या हिरव्यावर आधी ऑफ-व्हाइटचे दोन हात मारून घेऊ का, नोटीस नंतर दिली तरी चालेल. खाली तीन अंगठे.

हे वाकून वाचत होते. काही बोलले नाहीत.

मी लिहिलं: "हिरव्याला हात लावू नये. एजीएममध्ये विषय घेऊ. परांची असेपर्यंत त्या छज्जाखालची चीर तेवढी भरून घ्या, गेल्या पावसात तिथून पाणी आलं होतं."